वाचकांचे प्रश्न : या जमिनीच्या वतीने कोण बोलणार?

गेल्या अंकात मी ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या माझ्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये मी बरीच वर्षं परिचारिका होते. त्या लेखात एक वाक्य होतं : ‘वस्तीतल्या मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि मगच आमचं लसीकरण सुरू झालं.’ बहुतेक पत्रं या एका वाक्यावरच आली आहेत. या मोठ्या बाई कोण, त्यांना मोठं कोणी केलं, त्यांचं ऐकलंच पाहिजे असा कायदा आहे का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये टोळीचा राजा किंवा मुखिया असतो का? तो वंशपरंपरेने ठरतो की निवडून येतो? (एक निवृत्त शिक्षक)

सर, राजा नसतो. इंग्रजांनाही हे पचलं नव्हतं. बोलणी करायला, हुकूम पोचवायला त्यांना समोर एक माणूस हवा होता. तो सापडेना तेव्हा त्यांनी स्वतःच राजे नेमले. 1815 मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांनी बुंगारी नावाच्या माणसाच्या गळ्यात चंद्रकोरीच्या आकाराची धातूची पट्टी अडकवली. तिच्यावर ‘ब्रोकन बे टोळीचा प्रमुख’ असं कोरलेलं होतं. पुढे शंभरेक वर्षं अशा पट्ट्या वाटल्या गेल्या. गोठ्याचा, म्हणजे गुरांच्या प्रचंड फार्मचा, मालक खूश झाला की एखाद्याला ‘किंग अमुक’ करून टाकायचा. बुंगारी खरोखर मोठा माणूस होता, पण त्याचं मोठेपण त्या पट्टीत नव्हतं. दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून 1802-03 मध्ये तो सगळ्या खंडाला वळसा घालून आला होता. अनोळखी किनाऱ्यावर आधी तो उतरायचा आणि तिथल्या लोकांशी बोलणी करायचा.

आता खरी व्यवस्था काय, ते सांगते. इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. त्यामुळे सगळीकडे लागू पडेल असं एकच उत्तर देता येत नाही. आजच्या मेलबर्नच्या परिसरातल्या वुरुंजेरी लोकांमध्ये ‘न्गुरुंगाएटा’ नावाचा मान होता, आजही आहे. विल्यम बराक हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. 1824 च्या सुमारास जन्मले, 1903 मध्ये गेले. मेलबर्नची जमीन ‘विकत’ घेण्यासाठी गोरे लोक 1835 मध्ये आले, तेव्हा अकराएक वर्षांचा हा मुलगा तिथे हजर होता. पुढे 1863 मध्ये या लोकांनी कोरांडर्क नावाची वसाहत उभी केली. घरं बांधली, शेती केली, बियरसाठी लागणारं हॉप्सचं पीक घेतलं. हे सगळं भरभराटीला आल्यावर सरकारी मंडळाला ती जमीन परत हवीशी वाटू लागली. बराक आपली माणसं घेऊन मेलबर्नला गेले, तेही पायी. अंतर साठेक किलोमीटर. एकदा नाही, अनेकदा. मंत्र्यांना भेटले, अर्ज दिले, 1881 मध्ये चौकशी समिती बसवायला भाग पाडलं. 1886 च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुणांना वसाहतीबाहेर काढलं आणि कामाला हातच उरले नाहीत, ही पुढची कथा. पण बराक यांचं काम बघा. मंत्र्यांपुढे अर्ज करणारेही तेच, आणि आपल्या लोकांचे समारंभ गेरू आणि कोळशाने कागदावर उतरवून ठेवणारेही तेच. ती चित्रं आज ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या संग्रहालयांमध्ये आहेत.

मी जिथे राहिले त्या मध्य भागातली पद्धत मला त्याहून जवळून बघायला मिळाली. वार्लपिरी लोकांमध्ये प्रत्येक जागेची, आणि त्या जागेशी जोडलेल्या गाण्यांची, नाचाची, चित्रांची जबाबदारी दोन बाजूंवर असते. वडिलांकडून जे त्या जागेचे होतात ते ‘किर्डा’. आईकडून जे होतात ते ‘कुर्डुंगुर्लू’. समारंभात नाचायचं किर्डांनी. पण त्यांची अंगं रंगवणं, जागा तयार करणं, गाण्यांचा क्रम सांभाळणं आणि चुकलं तर तिथल्या तिथे थांबवणं हे कुर्डुंगुर्लूंचं काम. त्यांच्याशिवाय कार्य उभंच राहत नाही. आजोळच्या देवाचं कार्य आणि त्यात भाच्याचा शब्द शेवटचा, असं काहीसं समजा. यातली खुबी अशी की प्रत्येक माणूस वडिलांच्या जागेसाठी किर्डा असतो आणि आईच्या जागेसाठी कुर्डुंगुर्लू. म्हणजे आज ज्याच्यावर कुणाची तरी नजर आहे, तोच उद्या दुसऱ्याच्या कार्यावर नजर ठेवणार.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आमच्या दवाखान्याच्या पडवीत एक आजी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला यायच्या आणि नंबर लागेपर्यंत कॅनव्हास पसरून चित्र काढत बसायच्या. वस्तीत त्यांचा दरारा होता. शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय सहल काढत नसत. एके दिवशी एक मध्यमवयीन माणूस आला, उकिडवा बसला आणि चित्राच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून दोनच शब्द बोलला. आजींनी तो कोपरा सबंध काळ्या रंगाने पुसला आणि नव्याने ठिपके द्यायला घेतले. चेहऱ्यावर राग नाही की वाद नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तो कुर्डुंगुर्लू आहे. त्याने बघायलाच हवं.’ चित्र त्यांच्या वडिलांच्या जागेचं होतं आणि ते बरोबर आहे की नाही हे सांगायचा हक्क त्याचा होता.

निवडणुका आहेत, त्याही खऱ्या. नॉर्दर्न टेरिटरीत 1976 च्या भूमी हक्क कायद्याने आदिवासींच्या भूमी परिषदांना कायदेशीर स्थान मिळालं आणि त्यांना अध्यक्ष असतात. आर्नहेम लँडमधले युनुपिंगू हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी नॉर्दर्न लँड कौन्सिलचं अध्यक्षपद भूषवलं, 1978 मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाले. पण योलंगू लोकांमध्ये त्यांचं वजन होतं ते गुमाच कुळाचे प्रमुख म्हणून. 1963 मध्ये यिरकलाच्या लोकांनी झाडाच्या सालीवर चित्रांची चौकट रंगवून, मध्ये दोन भाषांत टाइप केलेला अर्ज चिकटवून तो संसदेला पाठवला. सरकारने त्यांना न विचारता त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी देऊन टाकली होती. युनुपिंगूंचे वडील त्या लढ्यातले ज्येष्ठ. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा तरुण युनुपिंगू वडीलधाऱ्यांचे दुभाषे होते. 1971 मध्ये निकाल विरोधात गेला. तुमचं जमिनीशी नातं आहे हे मान्य, पण आमच्या कायद्यात त्याला मालकी म्हणत नाहीत, असा त्याचा अर्थ. आपल्या बापजाद्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेतून कोर्टाच्या भाषेत आणायचं आणि तेच खोडून काढलेलं ऐकायचं, याची कल्पना करून बघा. भूमी परिषदेचं पद येतं आणि जातं. कुळातली जागा मरेपर्यंत असते.

प्रश्न : ‘एल्डर’ म्हणजे नुसतं वयाने मोठं असणं का? (दोन-तीन पत्रं)

नाही. सत्तरीचा माणूस एल्डर नसू शकतो आणि पन्नाशीची बाई असू शकते. तिला काय काय माहीत आहे, ते तिला कुणी शिकवलं आणि आता ती कुणाला शिकवते आहे, यावर ते ठरतं. आणि हो, दुसऱ्यांनी तसं म्हणावं लागतं. स्वतःहून म्हणवून घेणाऱ्याकडे लोक पाठ फिरवतात.

असं माणूस वस्तीत नसलं की काय अडतं, ते मला डायलिसिसच्या रुग्णांमुळे कळलं. मूत्रपिंडाचा आजार मध्य ऑस्ट्रेलियात फार आहे. किंटोर ही पिंटुपी लोकांची वस्ती ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे 500 किलोमीटरवर. मशीन फक्त शहरात. आठवड्यातून तीनदा मशीनला लागायचं म्हणजे गाव कायमचं सुटलंच. जाणारे बहुतेक वयस्क, म्हणजे नेमके तेच ज्यांना गाणी येतात, पाण्याच्या जागा माहीत आहेत, कुणाचं लग्न कुठे होऊ शकतं हे सांगता येतं. ते गेले की नातवंडांना शिकवणारं कोणी नाही, कार्यं खोळंबली, भांडणं मिटवायला कोणी नाही. शहरात तेच लोक दुसऱ्यांच्या जमिनीवर पाहुणे. तिथे त्यांना कशाच्याच वतीने बोलता यायचं नाही. मशीनवर बसलेली माणसं माझ्याशी आजाराबद्दल बोलायची नाहीत, पश्चिमेकडे पाऊस झाला का, एवढंच विचारायची.

यावर तोड काढली ती त्याच लोकांनी. किंटोर आणि किविरकुराच्या चित्रकारांनी मिळून मोठाली चित्रं काढली आणि 2000 साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला. दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम जमली. 2004 मध्ये किंटोरलाच डायलिसिस सुरू झालं. आज ‘पर्पल हाऊस’ या नावाने ही संस्था अनेक वस्त्यांमध्ये काम करते आणि संचालक मंडळावर आदिवासीच आहेत. कुणी मला आदिवासी नेतृत्वाचं उदाहरण विचारलं तर मी कुठल्याही भाषणाआधी हे सांगते.

प्रश्न : तुमच्या लेखात बाईचा शब्द चालतो असं दिसतं. मग पुरुषांचं काय? बायकांना असा अधिकार पूर्वीपासून आहे की आता मिळाला? (एक वाचक)

पूर्वीपासून आहे, पण बाहेरच्यांना तो दिसत नव्हता. वाळवंटात पुरुषांची कार्यं वेगळी आणि बायकांची वेगळी. बायकांची स्वतःची गाणी, स्वतःच्या पवित्र जागा, तिथे पुरुषांनी पाऊल ठेवायचं नाही. आमच्या दवाखान्यालाही दोन दारं होती, पुरुषांचं वेगळं. जावई आणि सासू यांनी समोरासमोर यायचं नसतं, त्यासाठीही ती सोय उपयोगी पडायची. बाहेरून येणारे अधिकारी, मानववंशशास्त्रज्ञ, वकील बहुतेक पुरुष. ते पुरुषांशीच बोलायचे आणि ‘समाजाचं मत’ म्हणून लिहून न्यायचे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस साउथ ऑस्ट्रेलियात भूमी हक्कांची बोलणी चालली होती, तेव्हाही हेच झालं. आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणून बायका चिडल्या आणि 1980 मध्ये त्यांनी आपली परिषद काढली, ती एनपीवाय विमेन्स कौन्सिल. तीन भाषागटांच्या बायका (एनपीवाय ही त्या गटांचीच आद्याक्षरं), तीन प्रांतांच्या सीमांवर पसरलेला प्रचंड टापू. मुलं पेट्रोल हुंगायची, त्याने मेंदू निकामी व्हायचा. मी अशी मुलं हाताळली आहेत, त्याबद्दल पुन्हा कधी तरी लिहीन. या बायकांनी वर्षानुवर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. 2005 पासून ओपल नावाचं, हुंगून नशा न होणारं पेट्रोल या भागात येऊ लागलं त्यामागे त्यांचा मोठा हात होता.

दुसरं उदाहरण कूबर पीडीच्या आज्यांचं. ‘कूपा पिटी कुंका चुटा’ हे त्यांच्या गटाचं नाव. 1998 मध्ये केंद्र सरकारने साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अणुकचरा पुरायचं ठरवलं. या बायकांच्या हयातीत, 1953 मध्ये इंग्रजांनी तिथे जवळच, इमू फील्डला, अणुबॉम्बची चाचणी केली होती आणि तो काळा धूर वस्त्यांवरून गेला होता. त्यामुळे हा विषय त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बहुतेकींना इंग्रजी जेमतेम. त्या शहरोशहरी गेल्या, बोलल्या, नाचल्या, सरकारला पत्रं लिहवून घेतली. ‘इराटी वांटी’ ही त्यांची घोषणा : ते विष आहे, राहू द्या तिथेच. त्यांच्यातल्या दोघींना, आयलीन कंपकुटा ब्राऊन आणि आयलीन वानी विंगफील्ड यांना, 2003 मध्ये पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. 2004 मध्ये सरकारने तो बेत सोडला.

प्रश्न : लहानपणीच आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये वाढवलेल्या मुलांपैकी अनेक जण पुढे नेते झाले असं वाचलं. ज्यांना आपली भाषा, चालीरीती शिकायलाच मिळाल्या नाहीत, त्यांना समाजाने नेता कसं मानलं? (एक वाचक, पत्रासोबत लोविचा ओ’डोनोह्यू यांच्यावरचं कात्रण)

कात्रणाबद्दल आभार. या बाईंबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण त्या परिचारिका होत्या.

लोविचा यांचा जन्म 1932 चा. आई यांकुन्चाचारा, वडील आयरिश वंशाचे. दोन वर्षांच्या असताना त्यांना आईपासून काढून क्वॉर्नच्या मिशनच्या आश्रमात ठेवलं आणि नाव बदलून लोइस केलं. सोळाव्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायला लागल्या. परिचारिका व्हायचं ठरवलं तर ॲडलेडच्या मोठ्या रुग्णालयाने आदिवासी म्हणून दार बंद केलं. त्या थेट प्रांताच्या प्रीमियरपर्यंत गेल्या आणि 1954 मध्ये दाखल झाल्या. पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही : 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बॅप्टिस्ट मिशनच्या परिचारिका म्हणून आसामात होत्या. 1962 मध्ये चीनशी युद्ध पेटलं तेव्हा त्यांना तिथून हलवलं. परत गेल्यावर त्यांनी साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, ऊडनडाटाकडे, काम घेतलं आणि तिथे आई भेटली. तीस वर्षांहून जास्त काळ उलटला होता. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. 1990 मध्ये आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या, एटीएसआयसीच्या, त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता तुमचा मुद्दा. लोविचा वडीलधाऱ्यांच्या जागी बसून कुठल्या पवित्र जागेबद्दल कधी बोलल्या नाहीत, त्यांना तो हक्क नव्हता आणि त्यांनी तो सांगितलाही नाही. त्या बोलल्या ते मुलं हिरावली गेल्याबद्दल, आरोग्याबद्दल, जमिनीच्या कायद्याबद्दल. त्याबद्दल बोलायचा त्यांचा हक्क कोण नाकारणार? चार्ल्स पर्किन्स यांचंही तसंच. जन्म 1936, ॲलिस स्प्रिंग्जच्या जुन्या तारघराच्या आवारात. आई अरंडा समाजाची. दहाव्या वर्षी शिकायला ॲडलेडला पाठवलं. फुटबॉल उत्तम खेळायचे, सिडनी विद्यापीठात शिकले आणि 1965 च्या फेब्रुवारीत तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन बसने गावोगाव फिरले. मोरी गावातल्या सार्वजनिक तलावात आदिवासी मुलांना पोहायला बंदी होती. पर्किन्स मुलांना घेऊन तिथे उभे राहिले, गर्दीने मारायला घेतलं तरी हटले नाहीत. त्यांचंही मूत्रपिंड गेलं होतं. 1972 मध्ये प्रत्यारोपण झालं आणि त्यावर ते 2000 सालापर्यंत जगले.

शहरातल्या नेतृत्वाचा आणखी एक प्रकार असतो, तो सिडनीच्या मम शर्ल यांच्यात दिसतो. शर्ली स्मिथ, विराजुरी समाजाच्या. फेफऱ्याच्या आजारामुळे शाळा धड झाली नाही, आजोबांनी शिकवलं. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्याला भेटायला जाऊ लागल्या. तो सुटला तरी यांचं जाणं सुरूच, कारण बाकीच्या पोरांना भेटायला कुणीच येत नव्हतं. अधिकारी विचारायचे, तुमचं नातं काय? ‘मी त्याची मम.’ तेच नाव पडलं. साठहून जास्त मुलं त्यांनी स्वतःच्या घरी वाढवली. 1971 मध्ये रेडफर्नला आदिवासींचा स्वतःचा दवाखाना निघाला, त्याच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वैद्यकीय सेवांची सुरुवात तिथून झाली. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं.

प्रश्न : तिथे मोठ्यांना ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणतात. आपणही म्हणावं का?

लगेच नको. आधी विचारा, काय म्हणू? बहुतेक वेळा हसून सांगतात. आपल्याकडे ओळख नसतानाही काकू-मावशी म्हणतो, त्या सवयीने मीही सुरुवातीला सर्रास म्हणायचे. तिथे तो मान आहे, एखाद्या समाजाने आपल्या माणसाला दिलेला.

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला गेले होते. प्रत्येक कार्यक्रमाआधी कुणी तरी आदिवासींच्या नावाने दोन वाक्यं वाचून दाखवतं. हा निव्वळ उपचार नाही का? (एक वाचक)

ताई, तुम्ही ऐकलंत ते ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’. ते कुणीही म्हणू शकतं आणि घाईघाईने वाचलं तर उपचार वाटतो, हे खरं आहे. ‘वेलकम टू कंट्री’ वेगळं. ते फक्त त्याच जमिनीचं माणूस करू शकतं. समजा मी पाच दशकं सिडनीत राहिलेली अरंडा बाई असते, तरी सिडनीत तुमचं स्वागत मला करता आलं नसतं.

यामागे जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या हद्दीत शिरण्याआधी सीमेवर थांबायचं, धूर करायचा, बोलावण्याची वाट बघायची. मेलबर्नच्या परिसरात पाहुण्याला ओल्या डहाळ्या देऊन त्या जमिनीचं पाणी आणि आसरा वापरायची परवानगी द्यायचे, त्याला ‘टँडेरम’ म्हणतात. सार्वजनिक कार्यक्रमात आजच्या रूपातलं स्वागत 1976 मध्ये पर्थला झालं, ते रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो यांनी केलं. माओरी आणि कुक बेटांवरचे कलाकार आले होते. यजमानांनी स्वागत केल्याशिवाय आम्ही नाचणार नाही, असं त्यांनी सांगितलं. संसदेला मात्र बत्तीस वर्षं लागली. 12 फेब्रुवारी 2008 ला मटिल्डा हाऊस यांनी पॉसमच्या कातड्याचा झगा घालून, अनवाणी, संसदेचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान केविन रड यांनी सरकारी धोरणाखाली आईबापांपासून हिरावलेल्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली.

पुढच्या वेळी कुणी वेलकम करत असेल तर ते माणूस आधी स्वतःच्या आजी-आजोबांची नावं सांगतंय का, ते ऐका. आपण इथे का बोलू शकतो हे ते त्यातून सांगत असतं.

प्रश्न : 2023 च्या सार्वमतात आदिवासींना ‘आवाज’ देण्याचा, म्हणजे संसदेला सल्ला देणारं त्यांचं मंडळ राज्यघटनेत आणण्याचा, प्रस्ताव पडला. याचा अर्थ त्यांचे नेते कमी पडले असा घ्यायचा का? (एक पत्रकार वाचक)

मी तसा घेत नाही. 14 ऑक्टोबर 2023 ला सुमारे साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं, सहाच्या सहा राज्यांनी. आदिवासी नेत्यांत एकमत नव्हतं हेही खरं. वार्लपिरी वंशाच्या सिनेटर जसिंटा नम्पिजिंपा प्राइस यांचा विरोध एका कारणाने होता, तर सिनेटर लिडिया थॉर्प यांना हा प्रस्ताव फार तोकडा वाटत होता. पण उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांमधल्या अनेक मतदान केंद्रांवर ‘हो’ची मतं प्रचंड होती. आदिवासी लोकसंख्येच्या चार टक्केसुद्धा नाहीत. बाकीच्या शहाण्णव टक्क्यांनी काय केलं याचा हिशोब त्या चारांकडे कसा मागायचा?

ही मागणी किती जुनी आहे तेही बघा. विल्यम कूपर, योर्टा योर्टा समाजाचे. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली, गोठ्यांवर राबले. सत्तरी ओलांडल्यावर मेलबर्नला आले आणि तिथे संघटना काढली. त्यांनी 1,814 सह्या गोळा करून राजा पाचवा जॉर्ज याच्या नावे अर्ज केला. त्यात संसदेत आपला एक प्रतिनिधी असावा ही मागणी होती. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 1938 मध्ये तो अर्ज राजाकडे पाठवायचाच नाही असं ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा वृद्ध माणूस ज्यूंवरच्या अत्याचारांचा निषेध करायला मेलबर्नच्या जर्मन वाणिज्य वकिलातीवर मोर्चा घेऊन गेला. स्वतःच्या देशात ज्यांना धड नागरिक मानत नव्हते, ते दुसऱ्या खंडातल्या लोकांसाठी उभे राहिले. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

कूपर यांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्यांमध्ये एक होते थॉमस शॅड्रॅक जेम्स, मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे शिक्षक. त्यांनी कूपर यांच्या बहिणीशी लग्न केलं आणि उभं आयुष्य योर्टा योर्टांच्या वसाहतीतल्या शाळेला दिलं. तिथल्याच डग निकोल्स या मुलाने फुटबॉल गाजवला, तो पाद्री झाला आणि 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. एका शाळेतून एवढी माणसं निघाली, याचं श्रेय त्या शिक्षकाला द्यायला हवं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ‘ऑस्ट्रेलियाचे आदिवासी नेते’ या विषयावर प्रकल्प करते आहे. दहा नेत्यांचे फोटो आणि माहिती लावायची आहे. मावशी, काय लक्षात ठेवू?

विषय छान घेतलास. पण प्रत्येक नावाखाली जन्मसालाच्या आधी त्या माणसाचा समाज आणि जागा लिही. व्हिन्सेंट लिंगिआरी : गुरिंजी, वेव्ह हिल. विल्यम बराक : वुरुंजेरी, कोरांडर्क. कवयित्री ऊजरू नुनुकल : नुनुकल, मिंजेरिबाह बेट. एडी माबो घेणार असशील तर ते टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे, म्हणून आदिवासी या मथळ्याखाली त्यांना घालू नकोस. ते वेगळे लोक आहेत. मथळाच बदललास तर उत्तम.

लिंगिआरींचा फोटो तुला मिळेलच : 16 ऑगस्ट 1975, पंतप्रधान गॉफ व्हिटलम त्यांच्या हातात लाल माती ओततायत. मर्व्हिन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने तो काढला. माती आधी मांडवाच्या सावलीत दिली गेली होती. फोटो नीट यावा म्हणून बिशपने दोघांना उन्हात आणून ते पुन्हा करायला लावलं. खाली फक्त ‘जमीन परत मिळाली’ असं लिहू नकोस. 23 ऑगस्ट 1966 ला लिंगिआरी सुमारे दोनशे माणसं घेऊन एका ब्रिटिश कंपनीच्या गोठ्यातून काम सोडून निघाले होते आणि नऊ वर्षं परत गेले नव्हते, हे लिही. ते तिथले मुख्य गुराखी होते आणि गुरिंजींच्या कार्यांमधलेही मोठे. त्या दिवशी पंतप्रधानांपुढे ते आपल्या भाषेतच बोलले.

एक शेवटचं. अनेक समाजांमध्ये माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. आमच्या भागात त्या नावाच्या दुसऱ्या माणसालाही मग ‘कुमंजयी’ म्हणायचे आणि कधी कधी दवाखान्याच्या बाकावर एकाच वेळी तीन कुमंजयी असायचे. मी मोठ्याने हाक मारणं सोडून दिलं, फाइल हातात घेऊन जवळ जायचे. म्हणूनच वर मी युनुपिंगूंचं पहिलं नाव लिहिलेलं नाही. 2023 मध्ये ते गेले तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांनीही आडनावच वापरलं. तू पहिल्या पानावर वरच एक ओळ टाक, की यात दिवंगत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत. त्यानंतर सुरू कर.